विश्वासू प्रवासी आणि उरलेली रांग

२२ जून २०२४ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी एका योजनेचे उद्घाटन केले. ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम’ हे तिचे नाव. मराठीत सांगायचे तर विश्वासू प्रवाशांसाठी जलद तपासणी. १६ जानेवारी २०२५ रोजी हीच सोय मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद येथे सुरू झाली व त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आणखी पाच विमानतळांची भर पडली. योजनेचे स्वरूप साधे आहे. प्रवाशाने आधी अर्ज भरायचा, सरकारने त्याची पूर्वतपासणी करायची, मग बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र द्यायचे. त्यानंतर पाच वर्षे, किंवा पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर तोपर्यंत, अधिकाऱ्याच्या खिडकीपुढे तिष्ठत उभे राहण्याचे कारण नाही. यांत्रिक दरवाजासमोर पासपोर्ट धरला, चेहरा दाखवला की दार उघडते. हे सारे अर्ध्या मिनिटात आटोपते, असे सांगितले जाते. तसे होत असेल तर त्याबद्दल कोणी कुरकुर करावी असे नाही. पहाटे तीन वाजता मुंबईच्या विमानतळावर उतरून रांगेचे शेपूट शोधत फिरणाऱ्या प्रवाशाला यंत्र नको, माणूसच हवा, असे म्हणणे हा खोटा रोमँटिकपणा होईल.

प्रश्न यंत्राचा नाही, यादीचा आहे. या योजनेच्या पहिल्या टप्प्यात दोन प्रकारचे प्रवासी पात्र ठरले: एक, भारतीय नागरिक, आणि दुसरे, ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, म्हणजे ज्यांना बोलीभाषेत ‘ओसीआय कार्डवाले’ म्हणतात ते. हे दुसरे लोक कायद्याने परदेशी नागरिक आहेत. त्यांच्या खिशात अमेरिकेचा, ब्रिटनचा, कॅनडाचा किंवा ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट असतो. इतर परदेशीयांना दुसऱ्या टप्प्यापर्यंत थांबायला सांगितले गेले. यांना मात्र पहिल्या दिवसापासून प्रवेश. जन्मभूमीशी असलेले त्यांचे नाते लक्षात घेता त्यांना सवलत द्यावी, यात वावगे काही नाही. परंतु राज्यसंस्था ‘विश्वासू’ हा शब्द कोणाला लावते आणि कोणाच्या बाबतीत तो तिच्या ओठांवर येत नाही, हे तपासून पाहणे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. घटनेच्या नवव्या अनुच्छेदाने आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने ते स्पष्टपणे नाकारले आहे. स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे नागरिकत्व त्या क्षणी संपते. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत दोन दरडींवर पाय ठेवणाऱ्यांबद्दल घटनाकारांना साशंकता वाटली असेल तर ती समजण्यासारखी होती. ‘ओसीआय’ हा या नकारातून काढलेला मधला मार्ग होय. नावात ‘सिटिझन’ आहे, पण मताधिकार नाही, घटनात्मक पद नाही, शेतजमीन विकत घेण्याचा हक्क नाही. आयुष्यभराचा व्हिसा मात्र आहे, आणि आता त्या व्हिसाला जोडून हा वेगाचा दरवाजाही आला.

या मधल्या मार्गाचा इतिहास बोलका आहे. डॉ. लक्ष्मीमल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ च्या आरंभी आपला अहवाल दिला आणि परदेशस्थ भारतीयांना दुहेरी नागरिकत्व द्यावे अशी शिफारस केली. पुढच्या वर्षी नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीला एक परिशिष्ट जोडलेले होते आणि त्यात सोळा देशांची नावे होती: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड, स्वीडन वगैरे. ही यादी वाचताना काय आहे यापेक्षा काय नाही हे आधी डोळ्यांत भरते. मॉरिशस नाही. फिजी नाही. त्रिनिदाद नाही, सुरीनाम नाही, दक्षिण आफ्रिका नाही. ज्यांच्या पूर्वजांना गिरमिटाच्या करारावर अंगठे उठवून उसाच्या मळ्यात नेले, ते या देशाचे नातेवाईक ठरले नाहीत. डॉलरमध्ये कमावणारा अभियंता आणि पौंडांत कमावणारा डॉक्टर तेवढे ठरले. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मराठी नाव लावणारा आणि गणपती बसवणारा समाज आहे. त्याचे नातेही २००३ च्या कायद्याला दिसले नाही. २००५ च्या दुरुस्तीने ही यादी काढून टाकली व पाकिस्तान आणि बांगलादेश वगळता सर्व देशांतील भारतीय वंशाच्या लोकांना दार मोकळे केले, ही चांगली गोष्ट झाली. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमध्ये तेथील सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशीयांना ओसीआय देण्याची घोषणा केली, तीही योग्यच. पण त्या सोळा देशांच्या यादीत धोरणकर्त्यांच्या मनाचे जे प्रतिबिंब पडले होते ते कायदा बदलल्याने पुसले गेले असे मानण्याचे कारण नाही.

वेगाच्या दरवाजाची मूळ कल्पना आपली नव्हे. ती अमेरिकेतून आली. मेक्सिकोच्या सीमेवर १९९५ साली ‘सेंट्री’ नावाचा प्रयोग सुरू झाला. कॅनडाच्या सीमेवर ‘नेक्सस’ आला आणि २००१ च्या हल्ल्यानंतर, सीमा कडक होत असतानाच, तो विस्तारला. २००८ मध्ये ‘ग्लोबल एंट्री’ आली. २०१७ पासून भारतीय नागरिकही तिच्यासाठी अर्ज करू शकतात. तिचे शुल्क १ ऑक्टोबर २०२४ पासून १०० वरून १२० डॉलर झाले, आणि नेक्ससचे ५० वरून थेट १२०. आपल्या हिशेबाने दहा हजार रुपयांच्या वर. आपल्या योजनेत निदान सुरुवातीला शुल्क ठेवलेले नाही, हा फरक मान्य केला पाहिजे.

नेक्ससचा अनुभव मुद्दाम पाहण्यासारखा आहे, कारण दुहेरी नागरिकत्वाचे दोन्ही अर्थ तेथे एकाच चौकीवर भेटतात. ज्याच्याकडे अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांचे नागरिकत्व आहे त्याला ही सीमा जवळजवळ नसल्यासारखी. दोन्ही सरकारांनी त्याची चौकशी केलेली, दोघांनीही शिक्कामोर्तब केलेले. पण दुसरे नागरिकत्व किंवा नुसते जन्मस्थानही इराणचे असेल तर? ३ जानेवारी २०२० रोजी कासिम सुलेमानी या इराणी सेनानीची अमेरिकेने हत्या केली. पुढच्या दोन दिवसांत वॉशिंग्टन राज्यातील ब्लेन येथील ‘पीस आर्च’ या चौकीवर इराणी वंशाच्या प्रवाशांना तासन्‌तास अडवून ठेवण्यात आले. सुट्टी संपवून घरी परतणारी कुटुंबे होती ती. त्यांत अमेरिकेचे नागरिक होते, आणि नेक्ससचे कार्ड खिशात असलेलेही होते. कुटुंबात कोण काय करते, सैन्यात कोण होते, असे प्रश्न विचारले गेले. खात्याने आधी सगळे नाकारले. पुढे खात्याच्या प्रमुखालाच स्थानिक अधिकाऱ्यांनी वाजवीपेक्षा जास्त उत्साह दाखवल्याचे कबूल करावे लागले. चौकीचे नाव ‘शांतीची कमान’ आहे, हा योगायोग सोडून देऊ. २०१५ च्या अमेरिकन कायद्याने तर हे लेखीच करून ठेवले आहे: ब्रिटन किंवा फ्रान्सचा नागरिक व्हिसाशिवाय अमेरिकेला जाऊ शकतो, परंतु तोच इराण, इराक, सीरिया किंवा सुदानचाही नागरिक असेल तर ती सवलत नाही. दुसरे नागरिकत्व ही मालमत्ता की कर्ज, हे त्या दुसऱ्या देशाची पत ठरवते.

आणि या पतीचा राजकारणासाठी वापर होणार नाही असे कोणी समजू नये. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प सरकारने न्यूयॉर्क राज्यातील सर्व रहिवाशांना या योजनांची दारे बंद केली. त्यांचा गुन्हा काय? त्यांच्या विधिमंडळाने कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांनाही वाहन चालवण्याचा परवाना देण्याचा कायदा केला होता. जुलैमध्ये बंदी उठवावी लागली आणि न्यायालयात आपण केलेली काही विधाने खरी नव्हती हे सरकारी वकिलांना मान्य करावे लागले. हक्क आणि मेहेरबानी यांतला भेद यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार?

आपल्याकडेही असेच आहे, हे सांगायला दूर जावे लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये अध्यापन करणाऱ्या प्रा. निताशा कौल बंगळूरला उतरल्या. कर्नाटक सरकारने त्यांना संविधानावरील परिषदेचे निमंत्रण दिलेले होते. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड होते. त्यांना विमानतळावरूनच परत पाठवण्यात आले आणि मे २०२५ मध्ये कार्डही रद्द झाले. ज्या विमानतळावरून त्यांना मागे फिरवले, त्याच विमानतळावर अकरा महिन्यांनी ओसीआयवाल्यांसाठी अर्ध्या मिनिटाचा दरवाजा बसला. २०१९ च्या दुरुस्तीने कोणत्याही कायद्याच्या उल्लंघनासाठी, सरकार अधिसूचित करील त्याप्रमाणे, कार्ड रद्द करण्याची मोकळीक दिली. २०२१ च्या अधिसूचनेने संशोधन आणि पत्रकारिता यांसाठी ओसीआयधारकांना खास परवानगी बंधनकारक केली. म्हणजे गुंतवणूक करायला, लग्नाला, देवदर्शनाला या. आम्ही तुम्हाला रांगेतही उभे करणार नाही. प्रश्न विचारायला येणार असाल तर मात्र आधी अर्ज करा. विश्वासाचा हा अर्थ गृहखात्याच्या जाहिरातीत छापलेला नसतो.

आता याच विमानतळाच्या दुसऱ्या रांगेकडे वळू. रत्नागिरीतून, रायगडमधून, मराठवाड्यातून आखातात जाणारा सुतार, फिटर, चालक, मदतनीस तिथे उभा असतो. तो पूर्णपणे भारतीय नागरिक आहे, एकाच देशाचा, आणि मतदारही. त्याचे शिक्षण दहावीच्या आत असेल तर त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ ही तीन अक्षरे असतात. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार आखाती राष्ट्रे, मलेशिया वगैरे धरून अठरा देशांत नोकरीसाठी जायचे तर त्याला ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. करारपत्र, विमा, मालकाची नोंद, एजंटाची नोंद हे सगळे जुळले तर मंजुरी मिळते आणि मग त्याने त्या खिडकीपुढच्या रांगेत उभे राहायचे. ज्याने दहावी ओलांडली त्याला हे लागत नाही. जो आयकर भरतो त्यालाही लागत नाही, मग त्याची शाळा चौथीत सुटलेली का असेना. राज्यसंस्थेच्या नजरेत माणूस शहाणा कशाने होतो, याचे इतके प्रांजळ उत्तर दुसऱ्या कायद्यात सापडणे कठीण.

येथे एक सावधगिरी हवी. ही मंजुरी म्हणजे निव्वळ जाच, ती काढून टाका, असे मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतात. समाजवाद्यांनी तसे म्हणू नये. फसवणुकीने नेलेले मजूर, हिरावून घेतलेले पासपोर्ट, थकवलेले पगार यांच्या अनुभवातून हे संरक्षण आले. दोष संरक्षणाच्या कल्पनेत नाही. तिची अंमलबजावणी कागदापुरती राहिली, हा खरा दोष. एजंटाने मजुराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेऊ नये असा नियम आहे. कोकणातल्या कोणत्याही मोहल्ल्यात वा वाडीत जाऊन विचारा, हा नियम पाळणारा एजंट किती जणांना भेटला. मंजुरीची कटकट टाळण्यासाठी पर्यटकाच्या व्हिसावर पाठवण्याची युक्ती एजंट सर्रास सुचवतात आणि मग तो मजूर कायद्याच्या संरक्षणातून पूर्णपणे बाहेर पडतो. तेव्हा रांग लांब असल्याचा परिणाम केवळ वेळ वाया जाण्यात होत नाही. तो माणसाला बेकायदा वाटेवर ढकलण्यात होतो.

जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्रखात्याने जाहीर केले होते की ‘ईसीआर’ पासपोर्टचे वेष्टन नारिंगी रंगाचे करण्यात येईल. बाकीच्यांचे निळे, यांचे नारिंगी. काऊंटरवरच्या अधिकाऱ्याला लांबूनच ओळखता यावे, ही सोय. अधिकाऱ्याला ओळखता येईल तसे ते परदेशातल्या मालकाला, हॉटेलवाल्याला, पोलिसालाही ओळखता येईल, हे खात्याला सुचले नाही. केरळात व देशभर टीकेचा आगडोंब उसळल्यावर ३० जानेवारीला हा निर्णय मागे घेतला गेला. लोकांनी आवाज उठवला तर सरकार नमते, हे त्या प्रकरणात दिसले. परंतु आवाज कोण उठवते, हा प्रश्न आता या वेगाच्या दरवाजामुळे वेगळ्या रीतीने उभा राहतो.

अर्थशास्त्रात रांगेकडे वाटपाची एक पद्धत म्हणून पाहतात. पैशाने वाटप होते तेव्हा ज्याच्यापाशी पैसा तो पुढे जातो. रांगेने होते तेव्हा प्रत्येकाला एकाच नाण्यात, वेळेत, किंमत मोजावी लागते. रांगेचे हेच एक लोकशाही लक्षण. कारखानदार आणि गवंडी एका रांगेत दीड तास उभे राहिले की दुसऱ्या दिवशी कारखानदार कोणाला तरी फोन करतो, वर्तमानपत्रात पत्र येते, खासदार प्रश्न विचारतो आणि दोन खिडक्या वाढतात. गवंड्यालाही त्याचा फायदा होतो. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण घेऊन हीच गोष्ट उलट बाजूने दाखवली. मालमोटारींची स्पर्धा आली म्हणून रेल्वे सुधारायला हवी होती. ती सुधारली नाही. जे ग्राहक सर्वांत जास्त ओरडले असते तेच सर्वप्रथम मालमोटारींकडे गेले, आणि मागे उरलेल्यांच्या तक्रारीला वजन नव्हते. आपल्या सरकारी शाळांचे, सरकारी दवाखान्यांचे आणि एस.टी.चे काय झाले हे पाहिलेल्या वाचकाला नायजेरियापर्यंत जाण्याची गरज नाही. बोलणारा वर्ग बाहेर पडला की मागे राहिलेल्या व्यवस्थेला कोणी वाली राहत नाही. विमानतळावरची रांग ही त्या मालिकेतील छोटी कडी. पण कडी त्याच साखळीची.

यावर उत्तर असे दिले जाते की विश्वासू प्रवासी यंत्राकडे गेले म्हणजे खिडकीवरची गर्दी कमी होईल आणि उरलेल्यांनाही लाभ होईल. हिशेब बरोबर आहे, मात्र एका अटीवर: खिडक्यांची आणि अधिकाऱ्यांची संख्या आहे तेवढीच ठेवली तर. यंत्र आले म्हणून माणसे कमी केली, तर जो तास वाचला तो सरकारी खर्चाच्या खात्यात जमा होतो, मजुराच्या नव्हे. ही अट योजनेत कोठेही लिहिलेली नाही.

आणि या मजुराचे देशाला देणे तरी किती? रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३–२४ साली परदेशातून भारतात आलेल्या खासगी रकमांपैकी सुमारे ३८ टक्के सहा आखाती देशांतून आल्या. अमेरिकेचा वाटा आता सर्वांत मोठा, सुमारे २८ टक्के. पण २०१६–१७ मध्ये आखाताचाच वाटा ४७ टक्क्यांच्या आसपास होता. राज्यांमध्ये महाराष्ट्र २०.५ टक्क्यांनी पहिला, केरळ त्याच्या किंचित मागे. अमेरिकेतून येणारी रक्कम अनेकदा बचतीतला उरलेला भाग असते; आखातातून येणारी रक्कम म्हणजे एका खोलीत आठ जणांनी राहून वाचवलेले पैसे. दोन्हींचे डॉलर सारखेच, हे खरे. परंतु प्रवासी भारतीय दिवसाच्या सोहळ्यात व्यासपीठावर कोण बसतो हेही सर्वांना ठाऊक आहे.

गोव्याचे उदाहरण या साऱ्या गुंत्याला वेगळीच छटा देते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्वाची वाट मोकळी ठेवतो. लिस्बनला जन्मनोंद करून हजारो गोमंतकीय, त्यांतले बहुसंख्य कष्टकरी, ब्रिटनमधील स्विंडन आणि साउथॉलपर्यंत पोहोचले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडेपर्यंत हा मार्ग सरळ होता. वासाहतिक सत्तेचे शेवटचे देणे त्यांनी पोटासाठी वसूल केले, त्यात त्यांना देशद्रोही म्हणण्यासारखे काही नाही. परंतु नोंद झाली की नागरिकत्व कायद्याचे नववे कलम लागू होते: मत गेले, पासपोर्ट गेला. मग ओसीआय घ्यावे, तर भारतीय पासपोर्ट रीतसर परत केल्याचा दाखला हवा. पासपोर्टच सरकारने रद्द केला म्हणून तो दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून ओसीआय नाही, अशा कोंडीत सापडलेल्यांचा प्रश्न २०२४ च्या सुमारास गोव्यात गाजला. सॅन होजेचा संगणकतज्ज्ञ आणि स्विंडनच्या गोदामात पेट्या उचलणारा साष्टीचा माणूस, दोघेही कायद्याने परदेशी, दोघेही मनाने येथलेच. एक यांत्रिक दरवाजातून येतो, दुसरा दाखल्यासाठी पणजीच्या कचेरीत खेपा घालतो.

बोटांच्या ठशांबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९०६ च्या सप्टेंबरात जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये जमलेल्या भारतीयांनी ट्रान्सवालच्या नोंदणी कायद्याविरुद्ध शपथ घेतली, त्या कायद्यातील सक्तीच्या ठशांचा त्यांना अपमान वाटला होता. दोन वर्षांनी हमीदिया मशिदीसमोर नोंदणीपत्रांची होळी झाली. आज तेच ठसे लोक आनंदाने, सवलतीचे मोल म्हणून देतात. काळ बदलला, हे खरे. पण त्या ठशांचे पुढे काय होते, हे विचारण्याचा हक्क बदललेला नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात सरकारने स्वतःला विस्तृत सूट घेऊन ठेवली आहे, तेव्हा हा हक्क वापरायचा कोठे, एवढेच ठरायचे आहे.

या योजनेला विरोध करण्याची गरज नाही. ती रद्द करा अशी मागणी करणे म्हणजे सर्वांना सारखाच त्रास व्हावा असे म्हणणे होईल. मागणी वेगळी हवी. ‘ईसीआर’ पासपोर्टवर मंजुरी घेऊन जाणाऱ्या कामगाराची पूर्वतपासणी तर सरकारनेच केलेली असते: त्याचे करारपत्र, विमा आणि मालक या सर्वांची नोंद सरकारदरबारी आहे. एवढी तपासणी कोणत्याही विश्वासू प्रवाशाची होत नाही. मग त्या मंजुरीलाच जलद दरवाजाचा परवाना का मानू नये? ठसे घ्यायचे तर ते प्रोटेक्टरच्या कचेरीत त्याच वेळी घेता येतील. जेथून आखाताकडे सर्वाधिक विमाने सुटतात त्या विमानतळांवर कामगारांना त्यांच्या भाषेत समजावणारी खिडकी का असू नये? आणि ओसीआय कार्ड रद्द करताना कारणांसहित लेखी आदेश, त्यावर स्वतंत्र अपील, ही तरतूद कायद्यातच का असू नये?

महाराष्ट्रातील आणि गोव्यातील खासदारांना संसदेच्या येत्या अधिवेशनात विचारण्यासारखे प्रश्न फार नाहीत. यांत्रिक दरवाजे बसवल्यानंतर मुंबई विमानतळावर इमिग्रेशनच्या किती खिडक्या चालू आहेत आणि आधी किती होत्या? दोन्ही रांगांतील सरासरी प्रतीक्षा किती मिनिटांची? विश्वासू ठरलेल्यांपैकी किती जण ओसीआयधारक आहेत, किती भारतीय नागरिक, आणि त्या नागरिकांपैकी ‘ईसीआर’ पासपोर्टवर प्रवास करणारे किती?